तेरावं कलम

कॉलेजात मला तीन नावं होती. हजेरीपटावरचं एक, प्राचार्यांच्या तोंडचं 'आपल्या मराठीच्या मॅडम' हे दुसरं, आणि पोरांनी पाठीमागे ठेवलेलं तिसरं: बारा कलमी बाई. हे तिसरं मला ठाऊकच नाही, असं पोरांना माझ्या निरोप समारंभापर्यंत वाटत होतं. अरे बाबांनो, ज्या भिंतीवर तुम्ही ते कोळशाने लिहिलंत, तिच्या पलीकडेच बसून मी डबा खात होते!

नाव पडलं ते एका कागदावरून. जूनमध्ये तिसऱ्या वर्षाचा वर्ग भरला की पहिल्या दिवशी मी प्रत्येकाच्या हातात एक कागद द्यायचे. त्यावर बारा नियम. आमचे हे म्हणायचे, "तू वर्गात जातेस की कोर्टात?" मी म्हणायचे, वर्गातच जाते, पण तिथे आरोपी जास्त असतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मराठी शिकवणं म्हणजे कविता म्हणून दाखवायच्या आणि परीक्षेआधी महत्त्वाचे प्रश्न सांगायचे. माझा विषय तसला नव्हता. 'लेखन आणि संशोधन प्रकल्प', शंभर गुणांचा. मुलाने आपल्या भागातला एक विषय निवडायचा, माणसांना भेटून प्रश्न विचारायचे, पुस्तकं चाळायची, कच्चा खर्डा मला दाखवायचा, माझी बोलणी खायची आणि मग चाळीस पानांचा पक्का प्रकल्प जमा करायचा. ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की चांगल्या चांगल्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

आमचं कॉलेज सातपुड्याच्या पायथ्याशी. वर्गात निम्मी मुलं सपाटीवरची, घरी अहिराणी बोलणारी. निम्मी डोंगरातली, घरी भिली नाहीतर पावरी. मी स्वतः तापीकाठच्या गुजर घरातली, आमच्या घरात गुजरी बोलायचे. म्हणजे पुस्तकातली मराठी ही वर्गातल्या कुणाचीच घरची नव्हती, बाईंचीसुद्धा नाही! मी ती शाळेत छड्या खाऊन शिकले होते. कष्टाने मिळालेल्या वस्तूला माणूस जास्त जपतो, तसं माझं मराठीचं आणि नियमांचं झालं होतं. माझ्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती.

पहिलं कलम असं: अंदाजाने लिहू नये, आधी विचारावे, मग लिहावे. चौथं: दुसऱ्याचं एक वाक्य जरी घेतलं तरी खाली त्याचं नाव द्यावं, नाही दिलं तर शून्य. सातवं: प्रकल्प स्वतःच्या हाताने, स्वतः एकट्याने लिहावा, दोघांचं काम एक दिसलं तर दोघांनाही शून्य. नववं हजेरीचं. अकरावं: शंका आल्यास अध्यापक प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करतील. बाकीची समासाची, तारखेची आणि मुखपृष्ठावर चमकीचे गुलाब चिकटवू नयेत अशा प्रकारची.

हाताने लिहिण्याचा हट्ट उगाच नव्हता. बसस्टँडजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रकल्प मिळायचे, फक्त नाव घालायचं. एकदा विसरवाडीच्या एका मुलाने मला कोकणातल्या मासेमारीवर प्रकल्प दिला. त्याच्या वडिलांचं हायवेला टायर पंक्चरचं दुकान. प्रस्तावनेत पहिलंच वाक्य: 'मी लहानपणापासून समुद्रकिनारी वाढलो असल्यामुळे...' मी त्याला विचारलं, "विसरवाडीला समुद्र कधी आला रे?" तो म्हणाला, "मॅडम, अजून नाही आला." इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला, की मी हसू दाबायला फळ्याकडे वळले. त्याला म्हटलं, रात्रंदिवस तुझ्या दारात ट्रक थांबतात, त्या ड्रायव्हरांना विचार की ते घरी कधी जातात. त्याने विचारलं. इतकं सुंदर लिहिलं, की ती पानं मी पुढे दरवर्षी वर्गात वाचून दाखवायचे.

माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी झेरॉक्सवाल्याचं दुकान मोबाईलने बसवलं. मोबाईलला विषय सांगितला की तो दोन मिनिटांत चाळीस पानं लिहून देतो, पोराने ती नुसती उतरवायची. पण आमच्या डोंगराबद्दल मोबाईलला काय कळतंय कपाळ! नवापूरच्या एका मुलीने कोंबड्यांच्या शेडवर लिहिलं होतं, 'पक्ष्यांच्या किलबिलाटाने मन प्रसन्न होते.' तिला म्हटलं, तू शेडवाल्याची मुलगी ना? दहा हजार कोंबड्यांत उभी राहिलीस की काय होतं ते सांग. ती म्हणाली, "मॅडम, वासाने डोळ्यांतून पाणी येतं. आणि वीज गेली की बाबा चप्पल न घालताच शेडकडे पळतात." मग हे लिही की! तर म्हणाली, "असं लिहिलेलं चालतं?" आमच्या मुलांना आपलं खरं आयुष्य कागदावर चालतं, हेच पटवण्यात माझी अर्धी नोकरी गेली.

तर अशी मी. नियमांना पक्की आणि त्याचा अभिमान असलेली. आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

निवृत्तीच्या पाच-सहा वर्षं आधीची गोष्ट. मोलगीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची तिघं जणं माझ्या वर्गात होती. रविता, दिलवर आणि कांतीलाल. दिलवर बोलका, कुणाशीही ओळख काढणारा. कांतीलालचं डोकं सदा मोबाईलमध्ये, पण वाईट अर्थाने नाही, तो बिघडलेले मोबाईल दुरुस्त करायचा. आणि रविता मुकी म्हणावी इतकी गप्प. पण अक्षर! शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायला बोलवावं असं अक्षर. तीन वर्षांत तिने वर्गात एकही प्रश्न विचारला नव्हता.

तिघांचे विषय वेगळे. रविताचा 'पाड्यावर बियाणं कसं राखतात', दिलवरचा 'मोलगीचा बाजार', कांतीलालचा 'ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची शाळा'. मार्चअखेर तिघांनी एकाच दिवशी प्रकल्प आणून दिले. मी रविताचा आधी वाचला. खूश झाले. राखेत घोळवलेलं बी, वाळलेल्या भोपळ्यात भरून चुलीच्या वर टांगलेलं बी, कुठल्या बीला धूर मानवतो, कुठल्याला नाही. सगळं विचारून लिहिलेलं. मग दिलवरचा उघडला. आतल्या सगळ्या मुलाखती रविताच्या अक्षरात! कांतीलालच्याही तशाच. आणि 'माहिती कशी मिळवली' हे प्रकरण तिन्हींत शब्दाला शब्द एक. फोटो तिन्हींत कांतीलालने काढलेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिघांना स्टाफरूममध्ये बोलावलं.

"कुणी कुणाची नक्कल केली?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. दिलवर म्हणाला, "मॅडम, नक्कल नाही. आम्ही लाह केली."

"लाह-बिह मला सांगू नका. सातवं कलम वाच. मोठ्याने."

त्याने वाचलं. वाचताना त्याचा आवाज बारीक होत गेला. मी म्हटलं, शून्य. तिघांनाही. लाह म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. पायथ्याशी पंचवीस वर्षं राहून तो शब्द मला माहीत नव्हता, आणि वर्गात दरवर्षी 'आधी विचारावे' म्हणून घसा कोरडा करणारी मी, मला एक प्रश्न विचारावासा वाटला नाही.

मुलं गेली. दोन मिनिटांनी रविता एकटी परत आली. दारातच उभी राहिली.

"मॅडम, शून्य म्हणजे नापास ना?"

"हो. पुढच्या वर्षी पुन्हा प्रकल्प करता येतो."

"पुढच्या वर्षी मी नसणार."

"का? कुठे जाणार?"

"दिवाळीनंतर टोळी बारडोलीकडे जाते. बाबा म्हणाले, पास होऊन बी.एड.ला नंबर लागला तर शिक. नाही लागला तर कोयता."

आमच्या भागाबाहेरच्यांना सांगते. ऊसतोडीच्या टोळीत कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. एकट्या बाईचा कोयता होत नाही. म्हणजे तिचं लग्न लावणार आणि ती उसाच्या फडात जाणार. बी.एड.ची प्रवेश परीक्षा तिने दिली होती, मार्कही चांगले होते. पाड्यावरची पहिली शिक्षिका व्हायला तिच्यात आणि बी.एड.मध्ये फक्त पदवीची गुणपत्रिका उरली होती, आणि त्या गुणपत्रिकेत माझं शून्य.

ती रडली नाही. बसचं वेळापत्रक सांगावं तशा आवाजात तिने हे सांगितलं. मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखे असतात, रविता." ती "हो मॅडम" म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. वाईट वाटलं म्हणूनच नव्हे, मला एक जुनी गोष्ट आठवली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी धडगावकडच्या दोन मुलींना मी असंच शून्य दिलं होतं. एकीचा प्रकल्प, दुसरीचं अक्षर. त्या दोघीही 'हो मॅडम' म्हणाल्या होत्या. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत, आणि का आल्या नाहीत हे मी कुणाला विचारलं नव्हतं. त्यांची नावं मला आजही आठवतात. त्यांचं काय झालं ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गुणांचा कागद घेऊन ऑफिसात गेले. आमचे क्लार्क भिकनभाऊ. माणूस जाडजूड, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि कॉलेजातला प्रत्येक कागद पाठ. गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर तेच भरायचे. त्यांनी तीन शून्यं पाहिली आणि कागद फाईलखाली सरकवला.

"मॅडम, सोमवारलगून येळ शे. आज कसाले घाई?"

"भिकनभाऊ, नियम म्हणजे नियम."

"शे ना, नियम शे! पण तुम्हनाच कागदवर अकरावं कलम बी शे. शंका उनी ते जाईसन देखानं. ते तर तुम्ही एकदाबी वापरं नही." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "का ते नुसतं पोरेसले भ्याव दाखाडाले शे?"

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात ना, तसा बसला मला. ते कलम खरोखरच भीती दाखवायला होतं.

शनिवारी मी मोलगीची जीप पकडली. सोळा माणसं, तीन कोंबड्या आणि मी. घाटात माझा जीव मुठीत, शेजारची बाई मात्र माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपलेली. मोलगीहून पुढे चालत. कुणाला कळवलं नव्हतं. पडताळणी म्हणजे पडताळणी, आधी सांगून जाणारी मी नव्हते!

पाड्यावर पोचले तर एका घरावर वीस-पंचवीस माणसं चढलेली. पावसाळ्याआधी कौलं चाळायचं काम चाललं होतं. खालून वरपर्यंत माणसांची रांग आणि हातोहात कौलं वर चाललेली. रांगेत दिलवर, कांतीलाल, रविता, तिघंही. मला बघून रविताच्या हातातलं कौल पडून फुटलं. कुणी रागावलं नाही. उलट रांगेतली एक म्हातारी सरकली, मला जागा केली आणि माझ्या हातात कौल दिलं. मी कोण, कशाला आले, काही विचारणं नाही. मी पर्स गळ्यात अडकवली आणि कौल पुढे दिलं. मग दुसरं आलं. तास-दीड तास मी कौलं देत होते. माझे हात असे भरून आले की पुढे चार दिवस खडू धरवेना.

मग जेवण. ज्यांचं घर ते सिंगाबाबा सगळ्यांना वाढत होते. भाकरी, उडदाची डाळ, वर मिरचीचा ठेचा. रविताच्या प्रकल्पात बियाण्याची सर्वांत मोठी मुलाखत याच बाबांची होती. ऊसतोडीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे गुजराती मिसळलेली बाजाराची मराठी त्यांना येत होती. मी विषय काढला.

"बाबा, या पोरांनी तुम्हाला बियाण्याचं विचारलं होतं?"

"हां तो! तीन दिवस विचारलं. डोकं खाल्लं माझं."

"विचारत कोण होतं?"

"हा." दिलवरकडे बोट. "त्याला बोलायला लागतं. ती लिहिते, तिचा हात चांगला. तो तिसरा मोबाईल धरून बसतो."

"मग ते लिहिलेलं कुणाचं झालं?"

सिंगाबाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढी शिकलेली बाई आणि एवढं कळत नाही. म्हणाले, "जेवण कुणाकडे झालं?"

"म्हणजे?"

"आज लाह माझी. सगळे आले, कौलं चढवली. घर कुणाचं? माझं. मी खाऊ घातलं. उद्या त्याचं शेत, मी जाणार. शेत त्याचं. बियाणं लिहिलं तेव्हा पोरं रविताच्या घरी जेवली. बाजाराचं लिहिलं तेव्हा याच्या घरी. तू लिहिलेलं कुणाचं म्हणून विचारते, मॅडम? ज्याच्या घरी जेवण, त्याचं काम."

पाड्यावर लाह म्हणजे काय, ते मला दीड तास कौलं देऊन आणि वर जेवून कळलं होतं. यांनी चोरी केली नव्हती. घर बांधतात, शेत निंदतात, तसे यांनी प्रकल्प केले होते. एकट्याने काम करणाऱ्या माणसाची त्यांच्याकडे कीव करतात, आणि माझ्या कागदावर त्याला पूर्ण गुण होते.

पण मी बारा कलमी बाई. हृदय द्रवलं म्हणून गुण द्यायला मी काही खिरापत वाटत नव्हते. पोरांना झाडाखाली बसवलं आणि सांगितलं, "ऐका. उद्या पदवीच्या कागदावर तुमचं एकेकट्याचं नाव येणार. नोकरीवर रविताला वर्गात एकटीलाच उभं राहावं लागेल, तिथे दिलवर प्रश्न विचारायला येणार नाही. म्हणून दिलवर, कांतीलाल, तुम्ही मुलाखती स्वतःच्या हाताने पुन्हा लिहायच्या, जी पद्धत वापरली ती आपापल्या शब्दांत लिहायची. आणि सोमवारी एकेकट्याने माझ्यासमोर बसायचं."

दिलवर म्हणाला, "मॅडम, आमचं शून्य राहू दे. तिचं तेवढं कर." बोलता बोलता तो 'तू'वर आला होता. त्यांच्या बोलीत मोठ्या माणसालाही तूच म्हणतात. पहिल्या वर्षाला मी त्यावरून त्यांना वर्गाबाहेर उभं केलेलं. आता मला त्या 'तू'चं काहीच वाटलं नाही.

"आणि मी काय लिहू?" रविताने विचारलं. तिचं सगळं तिच्याच अक्षरात होतं.

"तू काही लिहायचं नाही. तू एकही प्रश्न विचारलेला नाहीस. सोमवारी तू मला प्रश्न विचारायचेस. मी सिंगाबाबा आहे असं समज."

तिचा चेहरा असा पडला, की याहून शून्य बरं.

सोमवारी दुपारी चारला पोर्टल बंद होणार होतं. सकाळी दिलवर, कांतीलाल आले. बोटं शाईने निळी, पानं लिहून आणलेली. प्रश्नांची उत्तरं दिली, कांतीलाल दोनदा अडखळला, पण काम त्याला माहीत होतं. दोघंही सुटले. मग रविता आत आली. मी टेबलावर घड्याळ ठेवलं.

"विचार."

टेबलावरच्या काचेखाली माझा बारा कलमांचा कागद होता, त्याच्याकडे ती बघत बसली. पाच मिनिटं गेली. दहा. भिकनभाऊ दोनदा दारात डोकावून गेले. मनात म्हटलं, बाई, विचार गं, जेवलीस का विचार, काहीही विचार, पण विचार! तोंडाने मी बोलू शकत नव्हते.

शेवटी तिने काचेवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे बारा नियम तू कुणाला विचारून लिहिले?"

याचं खरं उत्तर एकच होतं. फार वर्षांपूर्वी पुण्याकडे एका प्रशिक्षणाला गेले होते, तिथल्या एका कॉलेजचा कागद हाती लागला. आवडला. वर त्यांचं नाव होतं तिथे पांढरी शाई लावली, आमच्या कॉलेजचं नाव घातलं आणि झेरॉक्स काढल्या. चमकीच्या गुलाबांचं तेवढं माझं. बाकी शब्दाला शब्द त्यांचं.

खोटं बोलता आलं असतं. पण समोर मुलाखत घेणारी बसली होती, आणि मुलाखतीत खोटं सांगणाऱ्यांबद्दल मी वर्षानुवर्षं नाक मुरडलं होतं. मी सांगितलं, पांढऱ्या शाईसकट.

ती लिहून घेत होती. खाली मान घालून तिने पुढचा प्रश्न विचारला, "मग खाली त्यांचं नाव का नाही दिलं?"

आधी रागच आला, कबूल करते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मग काचेखालचं चौथं कलम दिसलं, नाव नाही दिलं तर शून्य. तेवढ्यात दारातून भिकनभाऊंचा आवाज आला, "मॅडम, मंग तुम्हना पुढे काय लिखू? झिरो?"

आणि मी हसले. इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. रविता घाबरून बघत राहिली, मग तीही तोंडाला ओढणी लावून हसायला लागली. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिला हसताना पाहत होते.

"आणखी विचार," मी म्हटलं. तिने आणखी सात प्रश्न विचारले. पुण्याचं कॉलेज कसं होतं, तिथल्या मुलांना डोंगर चढून यावं लागतं का, हे नियम करताना त्यांनी कुणाला विचारलं असेल. बहुतेक प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाराला दहा कमी असताना भिकनभाऊंनी तिचे शंभरपैकी एकाहत्तर गुण भरले. ते गुण वाढवून दिलेले नाहीत, हे आजही छातीवर हात ठेवून सांगते.

पुढच्या जूनमध्ये मी कागद नव्याने छापला. सातवं कलम बदललं: माहिती मिळून गोळा केली तरी चालेल, लिहावं मात्र ज्याने त्याने. आणि तळाशी लिहिलं की हे नियम पुण्याकडच्या एका कॉलेजच्या कागदावरून घेतले आहेत. प्राचार्यांनी विचारलं, हे कशाला? म्हटलं, उशीर झाला खरा, पण स्रोत दिला. शिवाय तेरावं कलम घातलं: ज्यांनी मदत केली त्यांची नावं आणि त्यांनी काय केलं ते पहिल्या पानावर लिहावं. त्यानंतर मुलांनी मदत लपवणं सोडलं, आणि कुणाचं काय काम आहे ते मला एका नजरेत कळायला लागलं. हे इतकं साधं कलम सुचायला मला पंचवीस वर्षं लागली. धडगावकडच्या त्या दोघींच्या वेळी ते असायला हवं होतं.

रविताचा बी.एड.ला नंबर लागला. ती गेली, मग मीही निवृत्त झाले. मध्ये काही खबर नव्हती.

यंदा नवरात्रात मोबाईलवर एक फोटो आला. रविता आता डोंगरातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. आठवीच्या मुलांकडून ती गावाची माहिती गोळा करून घेते, त्याचा नियमांचा कागद तिने मला पाठवला होता. तेच वळणदार अक्षर. मी सवयीने चष्मा लावला आणि चुका शोधायला बसले. तेरा कलमं होती. चमकीच्या गुलाबांचं काढून तिने त्या जागी 'आपल्या बोलीतला शब्द तसाच लिहावा' असं घातलं होतं. तळाशी लिहिलं होतं:

'हे नियम आमच्या मॅडमकडून घेतले. मॅडमने ते पुण्याच्या एका कॉलेजकडून घेतले. तेरावा नियम आमच्या पाड्याचा. हा कागद करताना मदत: दिलवर, वाचून चुका काढल्या. कांतीलाल, झेरॉक्स आणून दिल्या. मॅडम, कौलं दिली.'

आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत:

'जेवण माझ्या घरी झाले.'